'नाही' शेवटी येतं: मथळे लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

वृत्तपत्रं, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या संपादकांना, आणि त्यांच्याहीपेक्षा रात्रपाळीला बसून मथळे देणाऱ्या उपसंपादकांना,

स. न. वि. वि.

माझी सगळी उमेदीची वर्षं डेस्कवर गेली. बातमी दुसऱ्याची, नाव दुसऱ्याचं, मथळा तेवढा माझा. वाचकाला वाटतं पेपर बातमीदार लिहितात. आपल्याला ठाऊक असतं की पुष्कळ माणसं मथळ्याच्या खाली उतरतच नाहीत, त्यामुळे लोकांच्या डोक्यात जे उरतं त्याची बरीचशी जबाबदारी आपल्यावर येते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी त्या काळातला एक फोन मला विसरता येत नाही. आधी तोच सांगतो.

निवडणुकीचे दिवस होते. एक नेता सभेमागून सभेत सांगत सुटला होता की समोरचा पक्ष आला तर निवृत्तिवेतन बंद होणार. त्याला कशाचाच आधार नव्हता. उलट समोरच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात निवृत्तिवेतन चालू ठेवण्याचं साधंसरळ कलम होतं. आम्ही चार दिवस त्याचं म्हणणं छापलं. अवतरणचिन्हांत, पुढे त्याचं नाव, म्हणजे आपण मोकळे. पाचव्या दिवशी कुणाला तरी वाटलं की आता खुलासा द्यायला हवा. तो आला, मी मथळा दिला: ''निवृत्तिवेतन बंद होणार' ही निव्वळ अफवा'. तीन कॉलम, आतलं पान. कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी गेलो.

काही आठवड्यांनी एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. "ते पेन्शन बंद होतंय, ते नक्की कधीपासून?" मी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? "कुणी म्हणजे? तुमच्याच पेपरात आलंय की. कात्रण आहे माझ्याकडे." म्हटलं, वाचा बरं. ते वाचू लागले आणि मथळ्याच्या शेवटच्या शब्दाशी येऊन थांबले. कात्रण आमच्या खुलाशाचं होतं. मला वाटलं, आता हसतील, ओशाळतील. ते हळूच म्हणाले, "असं होय. पण काहीतरी असेलच ना हो. उगाच इतक्यांदा कोण छापतं?"

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मानसशास्त्रज्ञ १९७७ पासून प्रयोग करकरून सांगत आले आहेत.

त्या वर्षी लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या तिघांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे ६० विधानं ठेवली. वरवर पटावीत, पण खरी की खोटी हे सहसा कुणाला ठाऊक नसावं, अशी. प्रत्येक विधान किती खरं वाटतं याला १ ते ७ गुण द्यायचे. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं हे तीनदा झालं. यातली २० विधानं तिन्ही खेपेला तीच होती, बाकीची दर वेळी नवी. नव्यांचे गुण होते तिथेच राहिले. परतून आलेल्यांचे चढले, आणि विधान मुळात खरं होतं की खोटं यानं काही फरक पडला नाही. चढ अर्ध्या गुणाच्या आसपासची, म्हणजे फार मोठी नव्हे. पण त्यासाठी कुणी पुरावा दिला नव्हता, युक्तिवाद केला नव्हता, कुणाला भुलवलंही नव्हतं. विधान फक्त पुन्हा समोर आलं होतं.

कारण तसं साधं आहे. ओळखीचं वाक्य मेंदूला सोपं जातं. वाचताना अडखळायला होत नाही. हा सोपेपणा वाक्याच्या खरेपणामुळे आला की ते परवाच ऐकलं होतं म्हणून आला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही; जे सहज गेलं ते खरं असणार, असं मन धरून चालतं. आपल्या धंद्यात हे नवं नाही. तीच चूक चौथ्यांदा नजरेखालून गेली की ती चूक वाटेनाशी होते. म्हणून तर शेवटचं प्रूफ दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायची पद्धत आहे. अक्षरांच्या बाबतीत आपण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही आणि दाव्यांच्या बाबतीत मात्र वाचकाच्या डोळ्यांवर बिनधास्त सोडून देतो.

२०२१ मध्ये असाच एक प्रयोग विधानं २७ वेळांपर्यंत दाखवून झाला. जितकं जास्त दाखवावं तितकं खरं वाटत गेलं, पण सर्वांत मोठी उडी पहिल्यावरून दुसऱ्या खेपेला होती. पुढच्या पायऱ्या लहान होत गेल्या. 'खुलासा आज नको, उद्या पाहू काय म्हणतो' असं म्हणत आपण दुसऱ्या दिवशीही तो दावा लावतो, तेव्हाच नेत्याचं बरंचसं काम झालेलं असतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आमचा वाचक सुज्ञ आहे. मीही म्हणायचो. २०१५ मध्ये लिसा फेझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्या विधानांत एक असं होतं: 'स्कॉटिश लोक घालतात त्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात.' आपल्याला हसू येणारच. पण त्या घागऱ्याला किल्ट म्हणतात हे ज्यांना पक्कं माहीत होतं, अशांच्या बाबतीतही गंमत झाली: उत्तर माहीत असलेली खोटी विधानंसुद्धा दुसऱ्यांदा समोर आली की पहिल्यांदाच दिसणाऱ्या विधानांपेक्षा त्यांना थोडी अधिक खरी वाटली. माहिती डोक्यात असते, पण ती काढून पाहायचे कष्ट दर वेळी कोण घेतो? मग जिथे नेसूचं वस्त्र नसून राज्याचं कर्ज, गुन्ह्यांचे आकडे, परक्यांची संख्या असले विषय असतात, ज्यांची उत्तरं तुमच्यामाझ्याही तोंडी नसतात, तिथे सुज्ञपणाचा आधार किती घ्यायचा?

आपण नाव छापतो, अवतरणचिन्हं घालतो. डेस्कवर हाच आपला बचाव असतो: 'आम्ही थोडंच म्हणतोय, तो म्हणतोय.' मराठीला या कामासाठी एक फार सुंदर शब्द मिळाला आहे, 'म्हणे'. 'तो म्हणे पैसे घेऊन पळाला.' दोन अक्षरांत बोलणारा आपले हात झटकतो. पण हा 'म्हणे' फार कच्च्या धाग्यानं शिवलेला असतो. एकानं दुसऱ्याला सांगताना तो असतो. तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर गळून पडतो आणि उरतं ते 'तो पैसे घेऊन पळाला'. अवतरणचिन्हांचंही तसंच. वाचकाच्या आठवणीत दावा राहतो, चिन्हं राहत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी तो दावा त्याला आठवतो तेव्हा तो नेत्याच्या तोंडचा नसतो, 'पेपरात वाचलेला' असतो. माझ्या त्या गृहस्थांचं दुसरं काय झालं होतं?

लहानपणी आपण सगळ्यांनीच खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या भोळ्या माणसाची आणि तीन ठगांची गोष्ट ऐकली आहे. तिघं ठग वाटेत अंतराअंतरावर उभे राहतात, प्रत्येक जण म्हणतो की अरे, खांद्यावर कुत्रं काय घेतलंस, आणि तिसऱ्यानंतर तो बोकड टाकून देतो. गोष्ट रचणाऱ्याला वाटलं, तीन वेगळी माणसं लागतील. २००७ मध्ये किम्बर्ली वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तेवढीही लागत नाहीत. एखाद्या गटाचं मत काय असेल याचा अंदाज लोकांना करायला सांगितला, तेव्हा एकाच माणसाचं मत तीनदा ऐकलेल्यांचा अंदाज तीन वेगळ्या माणसांकडून ते ऐकलेल्यांच्या जवळपास पोचला. ठग एकच, फक्त चिवट हवा. वळण पार करून तोच पुढे जाऊन उभा राहिला तरी भागतं.

आणि या वाटेवर आपण कुठे उभे असतो? मला वाटतं, आपण चौथे. बोकडवाला तिसऱ्या ठगाला ओलांडून येतो आणि आपण त्याला गाठून मोठ्यानं सांगतो, 'अहो, ते कुत्रं असल्याचा दावा खोटा आहे बरं का!' तोवर त्यानं 'कुत्रं' चौथ्यांदा ऐकलेलं असतं.

जाता जाता माझ्याच एका पापाची कबुली देतो. 'खोटं शंभर वेळा सांगितलं की ते खरं होतं' हे वाक्य गोबेल्सच्या नावावर मी कितीदा पास केलं असेल, याची गणती नाही. 'गोबेल्सनीती' हा तर आपल्या अग्रलेखांचा ठेवणीतला शब्द. हे वाक्य त्यानं कुठे लिहिलं, कधी उच्चारलं, हे मी कुणाही लेखकाला विचारलं नाही. त्याच्या लेखनात किंवा भाषणांत ते कुणाला सापडलेलं नाही. त्याचं आहे असं आपण सगळे मानतो, कारण ते त्याच्या नावानं शंभर वेळा छापलं गेलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो. डेस्कवर एक वाक्य रोज ऐकू येतं: 'हे आपण दिलंय.' बातमीदार काही घेऊन आला की वृत्तसंपादक मान वर न करता म्हणतो, 'हे दिलंय आपण मागच्या आठवड्यात. नवीन काय?' नियम चांगला आहे. पेपर शिळा होऊ नये म्हणून आहे. पण हा नियम कुणाला लागतो ते पाहा. नेता रोज तेच खोटं बोलतो, पण रोज नव्या गावात, नव्या व्यासपीठावर, नव्या तारखेला. त्यामुळे त्याचं खोटं आपल्या दृष्टीनं रोज ताजं. 'अमुक यांचा पुन्हा हल्लाबोल.' दुसरीकडे, ते खोटं का आहे याची माहिती एकदा छापून झालेली असते. वस्तुस्थिती काही नव्या गावात जाऊन सभा घेत नाही. ती 'दिलंय आपण' या टोपलीत जाते. म्हणजे आपल्याच नियमानं खोट्याला पंधरा दिवसांत पंधरा जागा मिळतात आणि खऱ्याला एक. १९७७ च्या त्या प्रयोगात खरी विधानंही परतून आली की अधिक खरी वाटत होती. पुनरावृत्ती दोघांच्याही कामाची होती, आपण ती एकालाच देऊन टाकली. यात कुणाचा कट नाही, कुणी विकलं गेलेलं नाही. प्रामाणिक, कंटाळलेल्या माणसांच्या नियमामुळे हे होतं, म्हणूनच ते बदलता येईल असं वाटतं.

वाहिन्यांवर तर याचं टोक दिसतं. निवेदिका दोन मिनिटं नीट समजावून सांगते की दावा का टिकत नाही. तेवढा वेळ, आणि त्याआधी नंतरही तासभर, तिच्या खालच्या पट्टीवर तोच दावा मोठ्या अक्षरांत सरकत असतो. आवाज बंद करून टीव्ही पाहणारी माणसं किती असतात, हे कोणत्याही प्रतीक्षालयात जाऊन पाहा.

मथळ्याच्या बाबतीत आपली भाषाही आपल्याला अडचणीत आणते. मराठीत 'नाही' शेवटी येतं. 'निवृत्तिवेतन बंद होणार नाही' हे वाचताना वाचक आधी पूर्ण खोटं वाचतो, त्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं करतो, आणि मग एका शब्दानं ते पुसायचं असतं. कागदावर निदान तो शब्द छापलेला तरी असतो. मोबाइलवर सूचना येते तेव्हा पडदा अरुंद असतो आणि मथळा मध्येच तुटतो: 'निवृत्तिवेतन बंद होणार…'. आपला संपूर्ण खुलासा त्या तीन टिंबांत गेला. ही कल्पना नव्हे. आज रात्री आपापल्या फोनवर आपल्याच पेपरच्या सूचना उघडून बघा, कुठल्या शब्दावर तुटतात.

प्रश्नचिन्हाचा आधार घेणाऱ्यांसाठीही वाईट बातमी आहे, आणि ती जुनी आहे. १९८१ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या धाटणीचे मथळे वाचायला दिले. काहींत एखाद्या उमेदवारावर थेट आरोप, काहींत तोच आरोप प्रश्नाच्या रूपात, काहींत त्याचा इन्कार, काही निरुपद्रवी. ज्याच्याविषयी नुसता प्रश्न विचारला होता त्याच्याबद्दलचं मत जवळजवळ थेट आरोप झालेल्याइतकंच बिघडलं. इतकंच काय, 'अमक्याचा तमक्या प्रकरणाशी संबंध नाही' असा मथळा वाचूनही निरुपद्रवी मथळ्याच्या तुलनेत मत थोडं खालीच आलं. 'अमुक यांनी पैसे खाल्ले?' असा मथळा देताना आपण मनातल्या मनात कायद्याला उत्तर देत असतो. वाचकाच्या लेखी ते प्रश्नचिन्ह म्हणजे नुसती वेलांटी.

खोडून काढणाऱ्यांनीच दावा घरोघर पोचवल्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मला ब्रिटनचं वाटतं. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूच्या मोहिमेनं एका लाल बसवर लिहिलं होतं की आपण संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. त्या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाचे प्रमुख अँड्र्यू डिलनॉट यांनी सार्वमताआधीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. विरोधक रोज सांगत होते, ३५ नव्हे हो, २५ च्या आसपास. पत्रकार रोज विचारत होते, ३५ कोटींचं काय? सगळे मिळून ३५ कोटी, ३५ कोटी. मोहिमेचा सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यानं नंतर लिहिलं की तो आकडा वाद पेटावा म्हणूनच तसा वापरला होता. वाद आकड्यावर पेटला की लोकांच्या मनात एवढं पक्कं बसतं की पैसे पुष्कळ जातात. २०१८ मध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या खुलाशांनंतर, एका पाहणीत हा दावा ऐकलेल्यांपैकी ४२ टक्के लोक तो खरा मानत होते.

मग काय, खोटं खोडायचंच नाही? तसं मी म्हणत नाही, आणि इथे मला माझाच एक जुना समज मागे घ्यावा लागतो. २०१० च्या सुमारास एक संशोधन गाजलं होतं: ज्याचा विश्वास घट्ट आहे त्याला दुरुस्ती दाखवली तर तो उलट आणखी घट्ट होतो. मी ते कार्यशाळांतून तरुण मुलांना सांगत फिरलो. पुढे टॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी ५२ मुद्दे घेऊन दहा हजारांहून अधिक लोकांवर ते तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. दुरुस्ती वाचून माणसं साधारणपणे दुरुस्त होतात. हे ५२ मुद्द्यांचं संशोधन २०१९ चं. मला ते उशिरा कळलं, कारण पहिलं इतक्या वेळा ऐकलं होतं की पुन्हा तपासावंसं वाटलं नाही. वाचकांना नावं ठेवण्याआधी हेही नोंदवून ठेवावं म्हटलं.

खुलासा करायचाच. प्रश्न आहे तो कुणाच्या शब्दांत करायचा, आणि कितीदा. जे खरं आहे तो मथळा. खोटं काय बोललं गेलं ते मजकुरात, एकदा, बोलणाऱ्याच्या नावासकट आणि ते खोटं आहे हे त्याच वाक्यात सांगून. त्यानंतर पुन्हा खरं. आणि जे अजून चार लोकांनीही ऐकलेलं नाही असं एखादं किरकोळ खोटं 'आम्ही सर्वांत आधी खोडलं' या हौसेपोटी चार लाखांपर्यंत नेऊ नये. कुठलं किरकोळ आणि कुठलं वणव्यासारखं पसरतंय, हे ठरवायला डेस्कवर अनुभवी माणसं लागतात. ती पगार वाचवण्यासाठी आधी घरी पाठवली जातात हा वेगळा विषय आहे, पण फार वेगळा नाही.

माझी मागणी मात्र एवढीच नाही. 'हे आपण दिलंय' हा नियम खोट्यालाही लावा. नेता अकराव्यांदा तेच बोलला तर त्याला सांगा की हे दिलंय आपण, नवीन काय? तो बोलला हीच बातमी असेल तर बातमीत 'अकराव्यांदा' हा आकडा येऊ द्या आणि वस्तुस्थितीचा परिच्छेदही अकराव्यांदा छापा, तोच, न कंटाळता. एका अमेरिकी दैनिकानं डिसेंबर २०१८ मध्ये वीस किंवा अधिक वेळा सांगितलेल्या खोट्या दाव्यांसाठी वेगळा वर्गच सुरू केला. मोजणं अशक्य नसतं. वाचकाला ते परिच्छेद कंटाळवाणे वाटतील अशी भीती मलाही होती. आता वाटतं, कंटाळा यायचा तो आपल्याला. आपण तो मजकूर अकरा वेळा हाताळतो. वाचकाच्या नजरेला त्यातला एखाद-दुसराच पडतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी माझा जुना मथळा पुन्हा समोर घेतला. 'बंद होणार नाही' नको, 'अफवा' नको, प्रश्नचिन्ह तर नकोच. बराच वेळ काही सुचेना. सवय अशी की हात आपोआप अवतरणचिन्हाकडे जातो. शेवटी तो जाहीरनामा आठवला, जो त्या रात्री माझ्या टेबलावर पडलेला होता आणि ज्यात ते साधं कलम होतं. 'निवृत्तिवेतन चालूच राहणार. जाहीरनाम्यात स्पष्ट कलम'. मोबाइलवर तुटला तरी 'निवृत्तिवेतन चालूच…' एवढं उरतं. तीन कॉलमांत बसतो. मोजून पाहिला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक